घरातल्या ज्येष्ठांबरोबर फाल्गुन-चैत्र कसा घालवता?

ओसरी

आई ८१ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, एक कान जवळजवळ गेलाय, बीपीची गोळी चालू आहे, बाकी डोकं अगदी ठणठणीत. तिचं माहेर भोरकडचं. होळी जवळ आली की एकदा तरी म्हणतेच, "आता तिकडे पळस फुलला असेल."

गेल्या वर्षी आम्ही भावंडांनी ठरवलं, आईला पळस दाखवायचाच. पुण्याहून सकाळी आठला गाडी काढली. डबे, चटई, टोपी, सगळं घेतलं. वाटेत ती पाणी नको म्हणाली, ताक नको म्हणाली. आम्हाला वाटलं, तहान नसेल. पोचेपर्यंत साडेअकरा झाले, ऊन चढलं होतं. माळावर पळस असा फुललेला की डोळे ठरेनात. "उतरतेस ना?" विचारलं तर म्हणाली, "नको गं, इथूनच दिसतोय की." ती गाडीच्या काचेतून बघत राहिली आणि आम्ही फोटो काढत राहिलो.

रात्री तिला चक्कर आली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दिवसभरात पाणी किती घेतलं?" सकाळचा अर्धा कप चहा, बस. बीपीच्या गोळीत लघवी जास्त करवणारं औषध आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोन दिवसांनी बरी झाल्यावर मला हळूच म्हणाली, "अगं, वाटेत जायची वेळ आली असती तर कुठे नेलं असतंस मला? मला खाली बसता येत नाही. म्हणून प्यायलेच नाही."

हे वाक्य वर्षभर माझ्या मनातून गेलेलं नाही. आम्ही झाड, रस्ता, खाणं सगळ्याचा विचार केला होता, तिचा केला नव्हता. त्यानंतर ती चार महिने जिना उतरली नाही.

यंदा सुरुवात खालच्या फाटकापासून केली. आमच्या सोसायटीच्या दाराशी एक पिंपळ, दोन करंज आणि कंपाउंडच्या पलीकडे एक कडुनिंब आहे. सकाळी पावणेसातला हाताची खुर्ची घेऊन खाली जायचं, दहा-पंधरा मिनिटं बसायचं, परत यायचं. दूर जायचं नाही, त्यामुळे ती आता घोट घोट पाणी पिऊनच निघते.

जानेवारीत तिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पहिल्याच दिवशी पिंपळाची नवी पालवी बघून ती गप्प झाली. मग म्हणाली, "तांब्याची आहेत का गं पानं?" पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या निळामोहोराला बहर आला, तर मला विचारते, "हे झाड निळं आहे? मला तर इतकी वर्षं राखाडीच वाटायचं." डोळ्यातलं भिंग म्हातारपणी पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर तो पुन्हा दिसतो. माझ्या मनात आलं, ती किती वर्षं त्या रस्त्याने निळ्याखालून गेली आणि आम्हा कुणाला पत्ता नाही.

कानाचंही तसंच. बारीक, चढे आवाज आधी जातात. शिंजीर किती चिवचिवला तरी तिला ऐकू येत नाही. पण कोकिळेचा आवाज येतो आणि तांबटाचा तर स्पष्ट येतो, टुक टुक टुक. तिचं सासर कसब्यात, तांबट आळीला लागून. तांबट बोलला की ती म्हणते, "बसला बघ हातोडी घेऊन," आणि मग तिथल्या एकेका घराची गोष्ट निघते. मी पन्नाशीत आहे, यातल्या निम्म्या गोष्टी यंदा पहिल्यांदा ऐकल्या.

फाटकावरचे वॉचमनमामा लातूरकडचे. परवा त्यांनी कडुनिंबाचा फुलोरा आणून तिच्या हातात दिला. तिने नाकाशी धरला आणि त्यांना पाडव्याच्या चटणीचा पाठ दिला: नुसती पानं नकोत, फुलोराही घ्या, सोबत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, जिरं, ओवा, हिंग. ते म्हणाले, "आमच्याकडं मिरीबी घालतेत." त्यावर अर्धा तास चर्चा. दहा मिनिटांचे चाळीस कधी झाले कळलं नाही.

तुमच्या घरी काय करता? फिरायला नेणं, सण, झाडं, खाणं, काहीही लिहा. बाथरूमचा प्रश्न कसा सोडवता, हेही मोकळेपणाने लिहा. त्याविषयी कुणी बोलत नाही आणि म्हणूनच माणसं घरात बसतात.

झाडीपट्टी

ताई, बाथरूमबद्दल लिहिलंत, फार बरं केलंत. आमच्याकडे आजी लग्नाला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी सोडते. किती समजावलं तरी ऐकत नाही. आता मी आधी फोन करून विचारतो, तुमच्याकडे कमोड आहे का, तळमजल्यावर आहे का, दाराला उंबरठा किती उंच आहे. लोकांना विचित्र वाटतं, वाटू दे. घडीची कमोड खुर्ची डिक्कीत ठेवतो, एखाद्या ओळखीच्या घरी आडोसा मिळतोच.

विदर्भात तुमच्यासारखी सकाळची चैन फार दिवस टिकत नाही. होळी झाली की सूर्य डोक्यावर. आमच्याकडे या दिवसांचं खरं काम म्हणजे वाळवण. आजीला चालवत नाही, पण कुरडयांचा गहू तिच्या नजरेखालीच भिजतो. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी ती दोन दाणे चिमटीत धरून दाबते. पांढरा चीक फुटला पाहिजे. ती "हो" म्हणेपर्यंत आई वाटायला घेत नाही. मग चीक शिजला की पहिली वाटी तिची, गरम गरम, दूध-साखर घालून.

आणि हा मान नुसता दाखवायचा नाही हं. मागच्या वर्षी ती दवाखान्यात असताना आईने स्वतःच्या अंदाजाने केल्या, सगळ्या कुरडया तळताना विरल्या. तिचं "हो" खरंच लागतं. गच्चीवर वाळत घालतो तेव्हा ती जिन्याच्या सावलीत काठी घेऊन बसते, कावळे हाकायला. नऊ वाजले की खाली. दुपारी वाळ्याचा पडदा, कूलर, आणि अंधार केलेली खोली. तो वासही तिला आवडतो.

उंबराखाली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज वयस्कर लोकांमध्येच काम करते. धागा वाचून खूप आनंद झाला. काही गोष्टी सांगते.

ओसरी, तुमची दहा मिनिटांची खुर्ची हाच उत्तम व्यायाम आहे. खाली जाणं, बसणं, उठणं, वर येणं, यात मांड्यांचं काम होतं. खुर्ची हाताचीच हवी आणि बसायची उंची गुडघ्याएवढी. खोल, मऊ खुर्चीतून उठणं अवघड जातं. आणि पायात सपाता नकोत. मागे पट्टा असलेली रबरी तळाची चप्पल द्या. करंजाचा सडा पडला की पेव्हर ब्लॉक दिसेनासे होतात आणि एखादा उचललेला असतोच. मी पाहिलेले खुब्याचे बरेचसे फ्रॅक्चर घराच्या शंभर पावलांच्या आतले आहेत.

दुसरं, "कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळतं" हे सगळे म्हणतात. ड बनवणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे मिळतात, पहाटेच्या उन्हात फार थोडे. म्हणजे दुपारी उन्हात बसवा असा अर्थ नाही! ज्यांची पातळी कमी आहे त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी आणि सकाळचं ऊन झोपेसाठी, मनासाठी घ्यावं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप सुधारते, हे मी रुग्णांमध्ये सारखं बघते.

तिसरं पाण्याचं. वय झालं की तहानच कमी लागते. तहानेची वाट बघू नका, घड्याळ बघून द्या. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. शहाळ्यात पोटॅशियम बरंच असतं, किडनीच्या रुग्णांना "नैसर्गिक आहे" म्हणून देऊ नका. ॲलर्जीच्या आणि वारंवार लघवी लागू नये म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. अशी माणसं उन्हात लवकर तापतात आणि घाम नाही म्हणून बाकीच्यांच्या लक्षात येत नाही. मैदानी भागात पारा ४० आणि किनाऱ्यावर ३७ च्या पुढे जायला लागला की हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. आपल्या आई-बाबांसाठी त्याच्या कितीतरी आधीच घरात यायची वेळ झालेली असते. गरमीत कुणी अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर "वयामुळे होतं" म्हणू नका, लगेच १०८ ला फोन करा.

दमा असेल तर आजूबाजूला वावळ आहे का बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे परागकण बऱ्याच जणांना त्रास देतात.

रातांबा

सिंधुदुर्गातून लिहितोय. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. बाबा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. देवळात जाणं शक्य नव्हतं. पालखी अंगणात आली, तेव्हा गावकऱ्यांनी आपणहून ती ओसरीच्या पायरीपर्यंत आणली आणि आम्ही बाबांची खाट दारात ओढली. मान उचलवत नव्हती, पण ढोलाचा आवाज आला तशी त्यांची बोटं चादरीवर वाजायला लागली. ताल बरोब्बर होता. तरुणपणी ते ढोल वाजवायचे, हे मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं.

तेव्हापासून मी ही गोष्ट धरून आहे. माणसाला देवाकडे नेता येत नसेल तर देव दारात येतो. मग सुरंगीची फुलं दारात का आणू नयेत? आईला स्मृतिभ्रंश आहे. मला कधी भाऊ समजते, कधी पोस्टमन. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीच्या कळ्या सकाळी लवकर काढाव्या लागतात, उन्हं वर आली की त्या उमलतात. मी ओंजळभर आणून तिच्या पुढ्यात ओततो आणि दोरा देतो. ती वळेसर, म्हणजे गजरा, करते. नाव आठवत नाही, वार आठवत नाही, पण हात चुकत नाहीत. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणी जिथे असतात तिथे जवळून जाते, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी हेही सांगितलं की या आजारात वास येणंच कमी होतं, म्हणून फार अपेक्षा धरू नका. मी धरत नाही. वास येवो न येवो, दोरा बोटात आहे तोवर ती शांत असते.

एकदाच झालं. वळेसर पुरा करून माझ्या बायकोच्या केसांत माळला आणि म्हणाली, "शाळेत जाताना पाडू नको हां." बायको तो दिवसभर घालून हिंडली.

ओसरी

रातांबा, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला सांग, आईला ओले काजूगर सोलायला देऊ नको, चिकाने हात भाजतात."

उंबराखाली, चपला कालच बदलल्या.

रातांबा

आईंना नमस्कार सांगा. काजू मीच सोलतो.

नदीकाठ

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. रागावू नका.

माझी आई दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात गेली. बाबा ७७ चे. वसंत आला की सगळे नातेवाईक त्यांच्या मागे लागतात: हास्यक्लबला जा, बागेत जा, विरंगुळा केंद्रात जा. ते कुणाला काही बोलत नाहीत आणि जातही नाहीत. त्यांच्यासाठी हा मोसम आईचा आहे. चैत्रगौर तीच मांडायची, महिनाभर. पहिल्या वर्षी आम्ही पाडव्याला गुढी उभारली नाही. दुसऱ्या वर्षी मी उत्साहाने सगळं करायला गेले, तर ते दुपारभर खोलीत दार लावून बसले. माझी चूक होती. बहर आला म्हणून माणसाने फुललंच पाहिजे, अशी जबरदस्ती करू नये.

आईचा मोगरा गच्चीत होता. सुकत चालला होता, मी लक्ष दिलं नव्हतं. यंदा जानेवारीत एक दिवस बाबांनीच विचारलं, "ही तो छाटायची कधी?" मला माहीत नव्हतं. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "आत्ताच. पानं काढा, फांद्या आखूड करा, पाणी थोडे दिवस तोडा, मग शेणखत घाला." बाबांनी कात्री घेऊन एकेक फांदी इतक्या जपून कापली की संध्याकाळ झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कळ्या आल्या. आता रोज संध्याकाळी ते वर जातात, कळ्या मोजून आणतात, आईच्या तसबिरीपुढे वाटीत ठेवतात. काल तेवीस होत्या. आकडा मला सांगतात. आमचं एवढंच बोलणं होतं, पण रोज होतं.

झाडीपट्टी

नदीकाठ, रागवायचं काय त्यात. उलट हे सगळ्यांनी वाचायला हवं.

लालपरी

आमची आजी ७९ ची आणि तिची बहीण ७६ ची. दोघींचं माहेर एकच गाव, कोल्हापूरजवळ. चैत्रात आमच्याकडे जत्रांचा हंगाम. ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत झाली, त्यामुळे या दोघींना आता कुणाच्या गाडीची वाट बघावी लागत नाही. आधार कार्ड पिशवीत, पाण्याची बाटली, आणि चालल्या. वाटेतल्या स्टँडवर थांबत जाणारी गाडी मुद्दाम निवडतात, स्वच्छतागृहासाठी. हे मला आज हा धागा वाचून कळलं. मी त्यांना कायम विनाथांब्याच्या गाडीत बसवायला बघत होते.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. डोंगरावरच्या गर्दीत त्या जात नाहीत. गावातून सासनकाठी निघते तेव्हा वेशीवर उभ्या राहून काठीला हात लावतात, गुलाल घेतात. नंतर आठ दिवस माहेरी मुक्काम. येताना आजीचा रंग उजळलेला असतो. तिथे तिला सगळे "अक्का" म्हणतात, नावानं ओळखतात. इथे फ्लॅटमध्ये ती फक्त "आजी" आहे.

सदाफुली

मी लंडनजवळ राहते. सासरे आमच्याकडे साताऱ्याहून आले ते नेमके नोव्हेंबरात. डिसेंबरात इथे दिवस आठ तासांचाही नसतो, चारला काळोख. ते इतके मिटून गेले की आम्ही परतीचं तिकीट बघायला लागलो. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेली आणि पदपथाच्या कडेला डॅफोडिल आले. त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल? बाकं. शंभर-दोनशे पावलांवर पाठीचं आणि हाताचं बाक. बाक दिसलं की माणूस पुढचं पाऊल टाकतो.

इथल्या मराठी घरांसाठी एक सांगते. एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, सल्ला असा आहे की ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी सगळ्यांनी शरद आणि हिवाळ्यात घ्यायचा विचार करावा, पण आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर. आई-बाबा आले असतील तर "आता ऊन पडलंय" म्हणून बंद करू नका, विचारून घ्या.

शेजारच्या आजींना आणि बाबांना एकमेकांची भाषा येत नाही. बाबांनी त्यांना कागदाच्या पुडीतून मेथी आणि धने दिले. त्यांनी ते कुंडीत पेरले आणि रोज कुंपणावरून कुंडी उचलून बाबांना दाखवायच्या. बाबा मान हलवून पाणी जास्त की कमी ते सांगायचे. परतीचं तिकीट आम्ही ऑगस्टपर्यंत पुढे ढकललं.

ओसरी

आज लिहायला मुद्दाम बसले. काल घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. सात वर्षांनी. आईने पहाटे दारात चैत्रांगण काढायचं म्हटलं. वाकता येत नाही, म्हणून डायनिंग टेबलवर काळा पुठ्ठा अंथरला आणि तिने बसून काढलं. गौर झोपाळ्यात, सूर्य, चंद्र, शंख, गदा, कासव, तुळशीवृंदावन. हाताला थोडा कंप आहे, त्यामुळे नाग सरळ येईना. तिसऱ्यांदा पुसून म्हणाली, "नाग वाकडाच असतो," आणि पुढे गेली.

आंब्याची डाळ मिक्सरमधून मी काढली. तिने चिमूट घेऊन बोटांवर चोळली. "एकदाच अजून फिरव. भरड राहू दे, पिठूळ नको." कैरी आंबट होती, साखर तिच्या सांगण्यावरून घातली. तिच्या स्वतःच्या वाटीत कमी मीठ. पन्ह्यात उकडलेली कैरी, गूळ, वेलदोडा; मधुमेह असलेल्या दोघींसाठी बिनगुळाचं वेगळं.

सोसायटीतल्या बायकांना वेळ संध्याकाळी साडेपाचनंतरची दिली होती, आणि निमंत्रणातच लिहिलं होतं की बाथरूम तळमजल्यावर पार्किंगशेजारी आहे, कमोडचं, हाताला दांडी लावलेलं. दांडी गेल्या महिन्यात सोसायटीने बसवली, अर्ज आईच्या सहीने गेला होता. ज्या तीन आज्या कधी खाली दिसत नाहीत, त्या तिघीही आल्या. एक ८८ ची. तिने दोन ग्लास पन्हं मागून घेतलं.

वॉचमनमामांना डाळ नेऊन दिली. ते म्हणाले, "आईंना सांगा, बहाव्याला घोस लटकायला लागलेत मागच्या बाजूला." तर उद्यापासून खुर्ची मागच्या फाटकाला.